चोवीस तासांनंतरचा प्रश्न

रविवार, रात्र

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं रंगवत खेळायचा कल्पनाविश्वातला खेळ खेळताना मढी उठवावीत की नाही, यावर पुन्हा विचार चाललाय. पाचव्या आवृत्तीचं २०१४चं नियमपुस्तक म्हणतं, हे चांगलं कृत्य नव्हे आणि दुष्ट मांत्रिकच ते वारंवार करतात. का, ते मात्र नीट सांगत नाही. मला ते कारण मंत्राच्या तपशिलातच दिसतं.

मढी उठवणारा ‘ॲनिमेट डेड’ हा मंत्र तिसऱ्या पातळीचा. रक्ताचा थेंब, मांसाचा तुकडा, चिमूटभर हाडांची पूड आणि एक मिनिट. १० फुटांच्या आत हाडं असली तर सांगाडा उठतो, प्रेत असलं तर झोंबी. मेलेल्याला कुणी विचारत नाही. याच विद्येतला, मेलेल्याला जिवंत करणारा ‘रेझ डेड’ घ्या: ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची पडतो, पण आत्माच राजी नसेल तर माणूस परत येत नाही. ‘स्पीक विथ डेड’मध्ये पाच प्रश्न विचारता येतात, आणि प्रेत तुम्हाला शत्रू मानत असेल तर खरं बोलायला ते बांधील नसतं. संमतीला जागा आहे. ‘ॲनिमेट डेड’नेच ती ठेवलेली नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं: सांगाडे गावासाठी पाणी वाहतील, बांध घालतील, मग बिघडलं काय? बिघडतं ते चोवीस तासांनी. ताबा तेवढाच टिकतो. मुदत संपण्याआधी मंत्र पुन्हा म्हणावा लागतो, आणि एकदा म्हटल्याने फार तर चौघांवरचाच ताबा टिकतो. पाचव्या पातळीच्या विझर्डकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट (दिवसभरात मंत्र म्हणायच्या ठरलेल्या संधी), छोट्या विश्रांतीत परत मिळवलेला धरून तीन. म्हणजे बारा सांगाडे, आणि त्याच स्लॉटमधून फेकता येणारा आगीचा गोळा, फायरबॉल, दिवसभर विसरायचा. उशीर नको म्हणून मंत्र रोज थोडा आधी म्हणायचा, तर वेळही मागे सरकत जाते. विझर्ड मेला, कैद झाला किंवा लढाईत स्लॉट संपले, की ते बारा कुणाचंच ऐकत नाहीत. जिवंत माणूस दिसला की त्याला मारायची ओढ त्या हाडांत असतेच. ती मालकाच्या हुकमानेच थोपलेली असते. खाणकामगाराचा सांगाडा मोकळा सुटला तर कुदळ उचलून भिंत फोडत बसू शकतो, हे वाचताना माझ्या पोटात कालवतं.

वेताळपंचविशीत भाऊ सिंहाच्या हाडांवर मांस आणि कातडं चढवतात, शेवटचा प्राण घालतो आणि सिंह सगळ्यांना खातो. राजा दोष देतो तो प्राण घालणाऱ्याला, कारण समोर सिंह आहे हे त्याला दिसत होतं. इथेही मला तोच न्याय लागू वाटतो. मुदतीचा आकडा मांत्रिकाला आधीच ठाऊक असतो.

उठवलंच असेल, तर मुदतीआधी आपणच मोडावं. सोटा किंवा हातोडा घ्यावा, सांगाड्याला त्याची दुप्पट इजा होते. आणि साथीदार पडला तर ‘जेंटल रिपोज’ हा मंत्र म्हणावा: चिमूटभर मीठ, दोन्ही डोळ्यांवर तांब्याचं एकेक नाणं. दहा दिवस त्याला कुणी गुलाम म्हणून उठवू शकत नाही.