५२ कप

"अगं फडकं आधी पिळून घे, काचेवर डाग राहतात." चर्चमधली उपासना संपल्यावर मावशी मोरीवर प्रभुभोजनाचे, म्हणजे द्राक्षरस वाटतात ते अंगठ्याएवढे कप पुसत होत्या.

आत पाळकसाहेब पाऊण तास 'देवाने तुला कशासाठी बनवलंय' यावर बोलले, मी वहीत लिहूनपण घेतलं आणि खरं सांगू, डोक्यात फक्त नोकरी सोडू की नको एवढंच चालू होतं.

विचारलंच मग, मावशी, तुम्हाला कधी कळलं हो तुमचं काम काय ते?

"कळायचंय काय त्यात? ५२ आहेत, ५२ कपाटात गेले पाहिजेत."

केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत होत्या हे ठाऊक असतं आपल्याला, पण तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या बायकांची नावं कुणाला माहितीयेत?

माझ्या हातून एक फुटला. मावशींनी नुसता झाडू पुढे केला.