देगलूरच्या ग्रॅनाइटवर एक दिवस, डोक्यात मोलिब्डेनम

नांदेडहून नायगाव, नरसी करत देगलूर साधारण ८० किलोमीटर. एसटी मिळते, पण मध्येच उतरून दगड बघायचे तर स्वतःची गाडी बरी. वाटेत काळी रानं सरतात, तांबूस रेताड माती सुरू होते आणि गोलसर धोंडे डोकं वर काढतात. इथे दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, संपतो. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, त्याखालचा ग्रॅनाइट २५० कोटींच्या घरातला. मी गाडी थांबवून बराच वेळ नुसता उभा राहिलो.

खदानीत मुकादमांना विचारूनच पाय ठेवा आणि सुरुंगाची वेळ आधी माहीत करून घ्या. तिथल्या एका पोरानं चमकती पापडी दाखवली, "सर, ह्ये कामाचं हाय का?" तो काळा अभ्रक होता. पापडी वाकवून सोडली की अभ्रक परत सरळ होतो. मी शोधत होतो तो मोलिब्डेनाइट (मोलिब्डेनम या धातूचं मुख्य खनिज) वाकलेलाच राहतो, बोटाला तेलकट लागतो आणि हाताला जड वाटतो. ग्राफाइटशी गफलत होते, म्हणून चकाकीच्या फरशीचा तुकडा जवळ ठेवा: त्यावर ग्राफाइट काळी रेघ ओढतो, मोलिब्डेनाइटची रेघ हिरवट दिसते.

मग ग्रॅनाइट इतका असून इथे मोलिब्डेनम का सापडत नाही? भूकवचात मोलिब्डेनम दहा लाखांत एखाददुसरा भाग. शिलारस थिजताना ते नेहमीच्या खनिजांत बसत नाही, उरलेल्या रसात साचत जातं. शेवटी त्या रसातून गरम पाणी सुटतं, वरचा खडक तडकतो आणि भेगांत गारगोटीबरोबर मोलिब्डेनाइट बसतो. तेव्हा कुठे हजारपट साठा होतो. हे घडायला कवचाची हालचाल लागते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या क्लायमॅक्स आणि हेंडरसन या खाणींच्या जागी कवच ताणलं जात होतं, रस फ्लोरिनने भरलेला. कॅनडातल्या एंडाको खाणीपाशी एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात होता. चीनच्या छिनलिंग पर्वतात मोठे साठे दोन भूखंडांच्या टकरीनंतरच्या ग्रॅनाइटशी जोडलेले आहेत.

असे साठे बहुधा पृष्ठभागापासून काही किलोमीटरांतच बनतात. देगलूरला आपण उभे असतो ते खोलवर थिजलेल्या खडकावर; त्यावरचं छप्पर लाव्हा येण्याआधीच झिजून गेलं. माझ्या मते इथलं खरं उत्तर हेच. तरी जुना ग्रॅनाइट म्हणजे रिकामा, असं धरू नका. मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला तांब्याबरोबर मोलिब्डेनाइट आहे आणि रेनियम-ऑस्मियम पद्धतीने (किरणोत्सारी रेनियमच्या क्षयावरून) त्याचं वय सुमारे २४९ कोटी वर्षं निघालं. तिथला साठा झिजून गेला नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. उन्हाळ्यात धोंडे तापतात, सावली नाही. दहापट भिंग, टोपी, भरपूर पाणी घ्या. हातोडी चालवण्याआधी शेतमालकाला विचारा. सुटे तुकडे पुरतात. परतताना होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं चुकवू नका, पण अंधाराआधी पोचा.