कलमं पाहायला गेलो, कलमात सापडलो

मोर्शी सुटलं की डाव्या हाताला सातपुड्याची निळी रेघ लागते, ती वरूडपर्यंत सोबत करते. डिसेंबरचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेसात. काच खाली केली की कान बधिर. आंबिया बहाराची तोड उरकत आलेली. रस्त्याच्या कडेला तणसावर ओतलेले संत्र्यांचे ढीग, बाजूला शेकोटी करून बसलेले मजूर, आणि मधूनच एखादा ट्रक असा आडवा की उतरून पुढचं पाहून यावं आणि मगच गाडी काढावी. या पट्ट्याला कौतुकानं विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. म्हणणाऱ्यानं इथला मे महिना काढलेला नसावा.

निघालो होतो शेंदूरजना घाटला. मेहुण्याला येत्या पावसाळ्यात संत्र्याची चारशे झाडं लावायची आहेत, आणि संत्र्याची कलमं म्हटलं की या भागात पहिलं नाव शेंदूरजना घाटचंच निघतं. कलमं उचलायची पावसाळ्यात, पण डोळे भरतात, म्हणजे चांगल्या झाडाचा कोंब दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवतात, ते थंडीत. डोळा कोणत्या झाडाचा घेतात ते स्वतःच्या डोळ्यानं पाहून मगच इसार द्यायचा, हा त्याचा हट्ट. मागं दुसरीकडून आणलेल्या शंभर झाडांतली निम्मी चौथ्या वर्षी डिंक्या रोगानं वाळली. तेव्हापासून तो कोणावर विश्वास ठेवत नाही. माझ्यावरही नाही, पण गाडी माझी होती.

एका फाट्यावर नाकाबंदी लागली. निवडणुकीचे दिवस. दोन बॅरिकेड, एक टेबल, टेबलावर रजिस्टर आणि चहाचे कागदी कप. हवालदार मुलाच्या वयाचा, बोलायला गोड.

"काका, बॅगेत काय हाय?"

"डबा, पाणी, दुप्पटा."

"अन् खिशात?"

खिशात चाकू होता. घडीचा, बोटभर पात्याचा, उघडला की खट्‌ करून अडकतो तसला. पंधरा वर्षं तो माझ्या खिशात आहे. क्रेटची सुतळी, गोळ्यांची पट्टी, मुळा, वायर, सगळं त्यानंच. सकाळी किल्ल्या आणि पाकिटाबरोबर तो आपोआप खिशात जातो, तसा आजही गेला होता.

"हे कायले बाळगता?"

माझ्या तोंडून निघालं, "संत्री खायले."

हवालदार हसला. "संत्र्याले चाकू लागते, काका?"

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. पोरानं पातं उघडून त्यावर आपली बोटं आडवी ठेवून मोजली, मिटलं आणि परत दिलं. "डिक्कीत टाका. खिशात नोका ठेवू. सायेब पाह्यतीन तर मले बोलतीन."

मी मुकाट्यानं डिक्की उघडली. मागं एका मोटरसायकलवर तिघं पोरं थांबवली होती. केस पिवळट रंगवलेले, एकाच्या कानात बाळी. त्यांना खाली उतरवून हात वर करायला लावले होते. आरशात एवढंच दिसलं, आणि आम्ही निघालो.

खरं सांगायचं तर लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. मी जिल्ह्याच्या एका कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली. असले मनाई आदेश कितीतरी वेळा माझ्या बोटांखालून गेले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७ (१). शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या, आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगण्यास मनाई. आदेश बहुधा पंधरा दिवसांचाच, म्हणून दर पंधरवड्याला तारीख बदलून नवा काढायचा. गणपती, दुर्गादेवी, मोहरम, निवडणूक, मोर्चा. मजकूर तोच. 'सुरे' हा शब्द शेकडो वेळा टाइप केला आणि त्याच वेळी माझा सुरा माझ्याच खिशात होता. एकदाही डोक्यात आलं नाही.

दुसरा कायदा केंद्राचा, १९५९ चा शस्त्र अधिनियम. त्याची २०१६ ची नियमावली मापं सांगते: पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते हत्यारांच्या यादीत. पण घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेलं असेल तर वगळलं. त्या अधिनियमाच्या व्याख्येत तर साध्या लाठीचं नाव घेऊन ती शस्त्र नाही असं लिहिलंय. तीच लाठी पोलीस अधिनियमाच्या यादीत शस्त्रांच्या रांगेत बसते. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत, केंद्राचा वर्षभर लागू, पोलीस अधिनियमाचा आदेश पंधरा दिवसांचा. पण गावातल्या माणसाला हे कोण समजावून सांगणार? गावात अजून सगळ्याला '१४४ लागली' असंच म्हणतात. ते १४४ सुद्धा १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं, हे माझ्यासारख्या रिकामटेकड्यालाच ठाऊक.

रोपवाटिकेत पोचलो तर मालक वैतागलेले. डोळे भरणारा एक माणूस आलाच नव्हता. "नऊ वाजून गेले. डोळकाड्या सकाळीच तोडून ठिवल्या, त्या सुकून रायल्या ना जी."

बाकीचे कामाला लागले होते. मी वाफ्याच्या कडेला बसून पाहत राहिलो, आणि मेहुण्याचा इसार होईपर्यंत उठलो नाही. ज्यांच्यावर संत्र्याचा डोळा चढवतात ती जंबेरी लिंबाची पेन्सिलीएवढी रोपं रांगेत उभी. माणूस जमिनीवर फतकल मारून एका रोपाशी सरकतो, आसपासचे काटे चाकूच्या पाठीनं झाडतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला एक आडवा काप, त्याच्या मधून खाली एक उभा. खोल नाही, फक्त सालीपुरता. मग डाव्या हातातल्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा उतरवायचा, पानाचा देठ तेवढा ठेवायचा, म्हणजे बोटाला धरायला दांडी मिळते. चाकूच्या टोकानं साल किंचित उचलून डोळा वरून आत सरकवायचा आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची, डोळा तेवढा उघडा ठेवून. माझं हे वाक्य वाचून होईपर्यंत त्याची दोन झाडं झालेली असतात. काही दिवसांनी देठाला बोट लावायचं. टपकन गळला तर डोळा लागला. चिकटून सुकला तर गेला.

वीतभर उंची का, तर डिंक्यापायी. बुरशी मातीतून, साचलेल्या पाण्यातून चढते. संत्र्याचा जोड जमिनीला जितका जवळ तितकी ती लवकर पकडते. म्हणून नऊ इंच. कायद्यातही नऊ इंच, वाफ्यातही नऊ इंच. हे मी मेहुण्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही डोळे पाहा."

साडेदहाला तो गैरहजर माणूस आला. पिवळट केस, कानात बाळी.

त्याचा चाकू नाक्यावर राहिला होता. "सायेब येऊ दे म्हणे. सायेब दहाले आले. मले म्हणते, कोनाले माराले चालला? म्या म्हटलं, जंबेरीले." यावर सगळा वाफा हसला, तो सोडून. चाकू त्याच्या बापाचा होता, बापही डोळेच भरायचा. लाकडी मूठ, पातं पाथरीवर घासून घासून अर्ध्यावर आलेलं. दुसऱ्याच्या चाकूनं हात बसत नाही, बोथट पात्यानं साल फाटते आणि फाटलेल्या सालीत डोळा धरत नाही. पावती? कसली पावती.

माझा चाकू गाडीच्या डिक्कीत होता. तो परत मिळायला मला कोणती परीक्षा द्यावी लागली होती? पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, चारचाकी. संत्री खायला चाकू लागतो असं म्हणूनही मी सुटलो, आणि ज्याला खरोखर लागतो तो बसून राहिला.

चहाच्या वेळी हाच विषय. एक आबाजी म्हणाले, कायदा करायला कोणाची ना नाही, पण मग सगळ्यांना सारखा लावा. "कुऱ्हाड खांद्यावर टाकून मी ठाण्यापुढून जातो, मले कोनी रामराम करत नाई अन् थांबवतही नाई." मालकांनी पांढुर्ण्याची गोटमार काढली. पांढुर्णा इथून जवळच, सीमेपलीकडे, आता मध्य प्रदेशातला स्वतंत्र जिल्हा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी बंदोबस्त, दरवर्षी डोकी फुटतात. "तठी फौजफाटा उभा राहून पाह्यते. अन् अठी पोट्ट्याचा चाकू जप्त." मी सांगितलं की आपल्या कलम ३७ मध्ये दगड गोळा करण्यालाही मनाई आहे. "हाव का?" म्हणाले आणि हसत सुटले.

मग मी माझी लेस्टरची कथा सांगितली. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो तेव्हा हाच चाकू बॅगेच्या तळाशी होता. जावयानं पाहिला आणि घाबराच झाला. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्यानं घडीचा चाकू खिशात चालतो, पण पातं ३ इंचांच्या आत हवं. आणि उघडल्यावर अडकणारा नको. अडकला की तो घडीचा राहत नाही, असं तिथल्या न्यायालयानं मागंच ठरवून टाकलंय. मग बाळगायला सबळ कारण लागतं, आणि ते कारण बाळगणाऱ्यानं पटवून द्यायचं. तीन महिने माझा चाकू त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खणात पडून होता.

डोळे भरणारे माझ्याकडे पाहतच राहिले. "अडकत नाई असा चाकू? काम करता करता मिटला तर बोट जाईन ना!" इंग्लंडच्या कायद्याचं इतकं नेमकं परीक्षण मी दुसरीकडे ऐकलं नाही.

पण सगळ्यांचं मत एक नव्हतं. पट्ट्या कापून देणाऱ्या एक बाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "बंदच पाह्यजे. खिशातले सारे चाकू बंद." त्यांच्या भावाला बाजाराच्या दिवशी, दारूच्या भरात, ओळखीच्याच माणसानं भोसकलं होतं. कोंबडीच्या पैशावरून. भाऊ वाचला, पण आता वजन उचलवत नाही. "थ्याच्या खिशात चाकू नसता तर भांडण शिव्यांवर मिटलं असतं. घरी जाऊन चाकू आणाले कोनाले उतरेपर्यंत वेळ हाय?"

आबाजींनी चहाचा कप उलटा ठेवला. कोणी काही बोललं नाही. मी ज्या आदेशांना इतकी वर्षं रिकामी टायपिंग समजत होतो, ते कोणासाठी निघत होते हे मला त्या बाईंनी सांगितलं. तरी त्या पोराचा चाकू कोणाच्या टेबलाखाली पडला असेल, हेही डोक्यातून जाईना. दोन्ही एकदम खरं असू शकतं, आणि मला त्यातून वाट काढता येत नाही.

दुपारी इसार दिला. पोरगं म्हणालं, माझं गाव नाक्याच्या पुढंच आहे, तिथपर्यंत सोडता का काका? वरूडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला लोहाराचं पाल होतं, तिथं थांबलो. लोहार चिमट्यात तापलेलं लोखंड धरून बसलेला, बायको घण मारत होती, पाठीला लेकरू. समोर मांडलेले इळे, खुरपी, कुऱ्हाडी, अडकित्ते, भाजीचे चाकू. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड पाहा असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं होतं, ते मी लोहाराला सांगितलं. घण खाली ठेवून बायकोच बोलली, "आमचं गिऱ्हाईक आधार नाई, उधार घेऊन येते." पोरानं दोन-तीन चाकू नखावर लावून पाहिले आणि ठेवून दिले. भाजी कापायला ठीक, डोळ्याला नाही.

नाक्यावर आलो तेव्हा पाच वाजले होते. बॅरिकेड रस्त्याच्या कडेला लोटलेले. टेबल होतं, रजिस्टर नव्हतं, माणूस नव्हता. पानठेल्यावाल्यानं सांगितलं, दुपारीच गेले, दुसरीकडे लावली असंन. पोरगं उतरलं. टेबलाचा खण ओढून पाहिला, खाली वाकलं. सकाळचे कागदी कप होते.

मी डिक्की उघडून माझा चाकू त्याच्यापुढं धरला. त्यानं उघडून पाहिला, पात्यावर अंगठा फिरवला.

"नाई जमत, काका. जाड हाय." मिटून परत दिला. "उद्या बापाची कुऱ्हाडच खांद्यावर टाकून येतो. तिले कोनी थांबवत नाई."