जुनी नोटबुक, नवा लॅपटॉप आणि आठवडाभराच्या इम्पोर्ट एरर

काम एवढंच होतं: डेल्टा सेफी या ताऱ्याची २०२१ साली घेतलेली निरीक्षणं नव्या लॅपटॉपवर उघडायची आणि तेजस्वितेचा आलेख पुन्हा काढायचा. हा तारा ५.३६६ दिवसांच्या आवर्तनात साधारण ३.५ ते ४.४ प्रतींच्या (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजस्वितेचं माप) दरम्यान उजळतो आणि मंदावतो. डेटा जपून ठेवला होता, नोटबुकही होती, म्हणजे कोडचे तुकडे एकेका सेलमध्ये चालवायची पायथनची फाइल. नव्या लॅपटॉपवर पायथन ३.१२ आहे. पहिला सेल चालवला आणि तिथेच घोडं अडलं. आठवडाभरात पाच वेगवेगळ्या एरर आल्या. पाचांपैकी तीन वेळा उत्तर एररमधल्या नावात नव्हतं, फाइलच्या पत्त्यात होतं. म्हणून या नोंदीत पत्त्यांबद्दलच जास्त लिहिलंय.

पहिला दिवस

पिप (पायथनची पॅकेजेस उतरवणारं साधन) म्हणाला, नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) इन्स्टॉल झालं. नोटबुक म्हणाली, नमपाय नावाचं मॉड्यूल नाही. दोघंही खरंच सांगत होते. टर्मिनलमधला पिप एका पायथनचा होता आणि नोटबुकचा कर्नल, म्हणजे तिचे सेल चालवणारा प्रोग्रॅम, दुसऱ्याच पायथनवर चालत होता. हे ओळखायला एक ओळ पुरते: सिस हे मॉड्यूल इम्पोर्ट करायचं आणि सिस.एक्झिक्युटेबल छापायचं. एकदा टर्मिनलमध्ये, एकदा नोटबुकमध्ये. दोन पत्ते वेगळे दिसले की निदान झालं. मग शंभर वेळा पिप चालवला तरी ती आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशीच गत.

मी या प्रकल्पासाठी वेगळं व्हेन्व्ह (स्वतःची पॅकेजेस वेगळी ठेवणारं पायथनचं घर) केलं, त्यात आयपायकर्नल (नोटबुकला कर्नल पुरवणारं पॅकेज) टाकलं आणि तो कर्नल नोटबुकसाठी नोंदवला. आता नुसता पिप कधीच लिहीत नाही, 'पायथन -एम पिप' असंच लिहितो. म्हणजे जो पायथन चालणार, त्याच्याच घरात सामान उतरतं. नोटबुकच्या सेलमधून इन्स्टॉल करायचं तर पिपच्या आधी उद्गारचिन्ह नको, टक्क्याचं चिन्ह लावा. उद्गारचिन्हाने शेलला (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) जो पिप सापडेल तो चालतो. टक्क्याने चालू कर्नलच्या पायथनचा.

याच दिवशी एक छोटी गोष्ट पुन्हा ताजी झाली. पिपला सांगायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असेल असं नाही. सायकिट-लर्न इन्स्टॉल करायचं आणि एसकेलर्न इम्पोर्ट करायचं. पिलोचं पीआयएल, ओपनसीव्ही-पायथनचं सीव्ही२, पाययामलचं यामल. नव्याने येणारे इथे हमखास अडकतात, त्यांना हे आधीच सांगून टाकावं.

दुसरा दिवस

नमपाय आलं, तशी पुढची एरर आली: डिस्टयुटिल्स नावाचं मॉड्यूल नाही. हे तर पायथनसोबतच यायचं! पण ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ पासून ते काढून टाकलंय. शिवाय ३.१२ पासून नव्या व्हेन्व्हमध्ये सेटअपटूल्स हे पॅकेज बांधायचं साधनही आपोआप येत नाही. सेटअपटूल्सकडे डिस्टयुटिल्सची स्वतःची प्रत असते, त्यामुळे ते इन्स्टॉल केलं की एरर जाते. मी तसं केलं नाही. ट्रेसबॅकमध्ये (एररपर्यंत कोड कुठल्या फाइलींतून आला त्या यादीत) वर चढत गेलो तर पत्ता माझ्याच जुन्या मदतनीस फाइलचा निघाला. तिथे दोन व्हर्जन्सची तुलना करायला मी डिस्टयुटिल्समधलं लूजव्हर्जन वापरलं होतं. त्याजागी पॅकेजिंग या लायब्ररीतलं व्हर्जन वापरलं, प्रश्न मिटला. एरर दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये असती तर मात्र तात्पुरतं सेटअपटूल्स टाकलं असतं आणि त्या पॅकेजचं नवं व्हर्जन शोधलं असतं.

त्यानंतर पायथन म्हणाला, सायपाय (वैज्ञानिक गणिताची लायब्ररी) मधल्या सायपाय.इंटिग्रेटमधून सिम्प्स हे नाव आणता येत नाही. नीट बघा, ही एरर वेगळी आहे. पहिल्या दोन 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' होत्या, ही साधी 'इम्पोर्टएरर'. पहिलीचा अर्थ दारच सापडलं नाही. दुसरीचा अर्थ दार उघडलं पण आत ती वस्तू नाही. दुसऱ्या प्रकारात नव्याने इन्स्टॉल करून काही होत नाही, कारण लायब्ररी जागेवरच आहे, फक्त नाव बदललंय. २०२४ च्या सायपाय १.१४ मध्ये सिम्प्स, ट्रॅप्झ आणि क्युमट्रॅप्झ ही जुनी नावं काढली. आता सिम्पसन, ट्रॅपेझॉइड आणि क्युम्युलेटिव्ह_ट्रॅपेझॉइड. एका आवर्तनातली सरासरी दीप्ती काढायला मी सिम्प्स वापरत होतो. सिम्पसन लिहिताना एक्सची किंमत नावानिशी दिली. कोड वाचणाऱ्यालाही ते बरं.

तिसरा आणि चौथा दिवस

या एररने दोन दिवस घेतले आणि सगळ्यात जास्त शिकवलंही हिनेच. प्रतिमांमधून ताऱ्याची दीप्ती मोजणारं एक छोटं पॅकेज मी वापरतो. ते इम्पोर्ट केलं आणि हे आलं: 'नमपाय.डीटाइप साइज चेंज्ड', अपेक्षित ९६, मिळाले ८८. (डीटाइप म्हणजे आकडे कुठल्या प्रकारचे आहेत ते सांगणारी नमपायची रचना.) गंमत म्हणजे ही 'इम्पोर्टएरर' नाहीच, 'व्हॅल्यूएरर' आहे. इम्पोर्ट करताना आली म्हणून आपण तिला त्या यादीत घालतो. 'ट्राय' लावून फक्त इम्पोर्टएरर पकडणारा कोड हिला पकडणार नाही.

हे आकडे बाइट्सचे आहेत. नमपायचा गाभा सी भाषेत आहे, आणि त्यावर बांधलेली बरीच पॅकेजेसही सी किंवा सायथनमधून (पायथनसारख्या कोडचा सी करणाऱ्या भाषेतून) कंपाइल होऊन येतात. कंपाइल होताना नमपायच्या हेडर फाइलमध्ये (रचनांची मापं सांगणाऱ्या फाइलमध्ये) डीटाइपच्या रचनेचं माप ९६ बाइट्स होतं. ते माप तयार फाइलमध्ये पक्कं बसलं. आता चालताना समोर आलेलं नमपाय सांगतंय की माझी रचना ८८ बाइट्सची आहे. मापं जुळत नसताना तसंच पुढे गेलं तर मेमरीतला भलताच भाग वाचला जाईल, म्हणून ते तिथेच थांबतं. ही एरर आली की राग येतो खरा, पण ती आपल्याला चुकीच्या आकड्यांपासून वाचवते. आपण मोजमापावर जगणारी माणसं, आपल्याला याचं मोल कळायला हवं.

माप बदललं ते १६ जून २०२४ ला आलेल्या नमपाय २.० मध्ये. माझं पॅकेज १.x वर कंपाइल झालेलं, आणि पिपने मात्र नव्यातलं नवं नमपाय आणून ठेवलेलं. उलट बाजूने अडचण येत नाही: २.० वर कंपाइल केलेलं पॅकेज जुन्या १.x मालिकेतल्या बऱ्याच व्हर्जन्सवरही चालतं. त्यामुळे कायमचा उपाय पॅकेज बनवणाऱ्याच्या हातात आहे. तो होईपर्यंत आपण याच व्हेन्व्हपुरतं नमपाय दोनच्या खाली ठेवायचं.

इथे आणखी अर्धा तास गेला. 'नमपाय<२' असं टर्मिनलमध्ये तसंच टाइप केलं तर शेल त्या चिन्हाचा अर्थ 'दोन नावाच्या फाइलमधून वाच' असा घेतो आणि अशी फाइलच नाही म्हणतो. संपूर्ण शब्द अवतरणात घाला. मग १.२६.४ आलं. या मालिकेपासूनच पायथन ३.१२ चा आधार आहे, म्हणजे आणखी मागे जायचंही नव्हतं. सायपाय १.१४ त्यावर बिनतक्रार चालतं, तेही तपासून घेतलं.

विंडोजवाल्यांसाठी जाता जाता: तिथे याच जातीचं दुखणं 'डीएलएल लोड फेल्ड' म्हणून दिसतं. पायथन ३.८ पासून एक्स्टेन्शन मॉड्यूलला (कंपाइल झालेल्या मॉड्यूलला) लागणाऱ्या डीएलएल, म्हणजे विंडोजच्या तयार कोडच्या फाइली, पाथ या व्हेरिएबलमधून शोधल्या जात नाहीत, फोल्डर ओएस.अॅड_डीएलएल_डिरेक्टरीने सांगावं लागतं. आणि एररमध्ये ज्या फाइलचं नाव आहे ती बहुतेक वेळा जागेवर असते, हरवलेली असते ती तिला लागणारी दुसरी फाइल.

पाचवा दिवस

सगळं चाललं. मग आलेखावर मुद्दाम थोडा गोंगाट मिसळून आवर्तन कितपत टिकतं ते बघावं म्हणून एक छोटी फाइल केली आणि तिला नाव दिलं रँडम.पीवाय. मुख्य स्क्रिप्ट चालवली तर नमपायच इम्पोर्ट होईना! काल रात्री चालत होतं. एरर अशी: 'रँडम' मधून 'सिस्टमरँडम' हे नाव आणता येत नाही. मी सिस्टमरँडम हा शब्द आयुष्यात लिहिलेला नाही.

पण ओळीच्या शेवटी कंसात पत्ता होता, आणि तो पायथनच्या फोल्डरचा नव्हता, माझ्या प्रकल्पाच्या फोल्डरचा होता. स्क्रिप्ट चालवताना पायथन तिच्याच फोल्डरमध्ये आधी शोधतो. नमपायला पायथनचं सीक्रेट्स हे मॉड्यूल लागतं, सीक्रेट्सला मूळ रँडम लागतं, आणि वाटेत माझं रँडम आडवं आलं. फाइलचं नाव गोंगाट_चाचणी केलं आणि सुटलो. असा संशय आला तर ३.११ पासून एक सोपी परीक्षा आहे: पायथनला कॅपिटल पी हा फ्लॅग देऊन तीच स्क्रिप्ट चालवा. तेव्हा तो स्क्रिप्टचं फोल्डर शोधयादीत घालत नाही. एरर गेली तर गुन्हेगार आपल्याच फोल्डरात आहे. ३.१३ मध्ये तर एरर स्वतःच फाइलचं नाव बदलून बघा असं सुचवते. ही सुधारणा ज्यांनी केली त्यांचे मनापासून आभार.

रात्री 'पिप फ्रीझ' करून सगळी व्हर्जन्स एका फाइलमध्ये उतरवली. ती फाइल आणि पायथनचं व्हर्जन, दोन्ही आता डेटाच्याच फोल्डरमध्ये आहेत. २०२१ मध्ये हे केलं असतं तर दुसऱ्या दिवसाची निम्मी नोंद लिहावी लागली नसती.

आलेख आला. झरकन वर चढणारी आणि सावकाश उतरणारी ती ओळखीची वक्ररेषा पडद्यावर बघून फार बरं वाटलं. उतारावरचे दोन बिंदू मात्र रेषेपासून बरेच दूर आहेत, आणि त्या दोन्ही रात्रींच्या वहीत ढगांची नोंद नाही. पुढच्या शनिवारी त्या प्रतिमा उघडतो.