तुम्ही विचारलंत म्हणून: एका टिंबावर मिळालेली नोकरी

"कॉम्प्युटर कुणाच्या घरात नव्हता, तेव्हा प्रोग्रॅमरची नोकरी शोधायची तरी कशी?" या क्षेत्रात नव्याने आलेल्या मुली मला हमखास विचारतात.

साल १९७८. मी गणितात बीएस्सी, राहायला दादरला. त्याच वर्षी आयबीएम या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला. १९७३च्या फेरा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे परकीय भागीदारी ४० टक्क्यांवर आणायला कंपनी तयार नव्हती. "कंपनीच गेली, आता हे शिकून करणार काय?" काका म्हणाले. पण मशीनं इथेच होती, आणि ती चालवायला माणसं लागणारच होती.

कोबोल ही प्रोग्रॅम लिहायची भाषा मी फोर्टमधल्या संध्याकाळच्या क्लासात शिकले. क्लासात कॉम्प्युटर नव्हताच. कोडिंग शीटवर पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहायचा, एका चौकोनात एक अक्षर. मग आपणच कॉम्प्युटर व्हायचं आणि ओळीमागून ओळ कागदावर चालवून बघायची. याला आम्ही ड्राय रन म्हणायचो. शीटवरची प्रत्येक ओळ पुढे भोकं पाडून एका कार्डावर उतरायची. कार्डावर ८० रकाने. प्रोग्रॅमची ओळ ८ ते ७२ यांच्यात बसली नाही, तर सगळं मुसळ केरात.

पेपरातल्या जाहिराती कापून अर्ज धाडले. बहुतेकांची उत्तरं आली नाहीत. एका कंपनीत पहिलाच प्रश्न आला, "रात्री थांबाल?" दिवसा मशीन पगार आणि बिलांत गुंतलेलं असायचं, नवे प्रोग्रॅम तपासायला वेळ मिळायचा तो रात्रीच. मी हो म्हटलं. तरी मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कोबोलबद्दल एक अक्षर विचारलं नाही, याचा राग मला आजही येतो.

खरी खबर दिली क्लासातल्या मैत्रिणीने. ती पंच ऑपरेटर होती, म्हणजे शीटवरचे प्रोग्रॅम कार्डांवर भोकं पाडून उतरवायची. प्रोग्रॅमरांची शीटं तिच्याच हातून जायची, त्यामुळे कोण येतोय, कोण जातोय, हे तिला साहेबांच्या आधी कळायचं. "आमचा एकजण अमेरिकेला चाललाय. जाहिरात यायच्या आत ये."

नरिमन पॉइंटच्या त्या ऑफिसात साहेबांनी माझ्यासमोर पगाराच्या प्रोग्रॅमचं लिस्टिंग, म्हणजे छापील प्रत, ठेवलं. प्रॉव्हिडंट फंड फक्त ओव्हरटाइम केलेल्यांचाच कापला जात होता, बाकीच्यांचा नाही. का, ते शोधायचं होतं. मी पेन्सिल मागून घेतली आणि दोन कामगार कागदावर चालवले, एक ओव्हरटाइमवाला, एक बिनओव्हरटाइमचा. दुसरा फंडाच्या ओळीपर्यंत पोचतच नव्हता. ओव्हरटाइमच्या 'इफ'नंतर ती अट संपवणारा फुलस्टॉप राहिला होता, म्हणून फंडाची ओळही त्याच अटीत अडकली होती. मी तिथे टिंब दिलं.

"रात्रपाळी?" साहेबांनी विचारलं.

"मशीन रात्री मिळत असेल, तर रात्री येईन."

घरी सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "चर्चगेटहून पहिली लोकल किती वाजता?"

माझ्या पहिल्या प्रोग्रॅमची कार्डं त्याच मैत्रिणीने पंच केली. गठ्ठा हातात देताना म्हणाली, "दोन ठिकाणी फुलस्टॉप विसरली होतीस. तुला विचारून घालते म्हणून शीटवर खूण केलीय."