रिप्लेसची एक ओळ

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

फेब्रुवारीत लावलेलं ठिगळ आज उसवलं.

माझं एक छोटं टूल आहे, गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं, ओपन सोर्स. सर्व्हरचे लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइली, वाचून गोषवारा काढतं. वापरणारे मोजकेच. त्यातल्या एकाने तक्रार केली होती की मोठी फाइल दिली की ते रेंगाळतं. वेळ कुठे जातो ते दाखवणारं पीप्रॉफ लावून पाहिलं, तर निम्म्याहून जास्त वेळ रेगेक्स, म्हणजे मजकूर ओळखायचा पॅटर्न, कंपाइल (वापरायला तयार) करण्यातच जात होता. तोही माझ्या कोडमध्ये नाही. तारखा ओळखायला दुसऱ्याने लिहिलेली जी लायब्ररी घेतलीय, तिच्यात फंक्शनच्या आतच मस्टकंपाइल, म्हणजे पॅटर्न कंपाइल करायची आज्ञा, लिहिलेली. म्हणजे लॉगच्या दर ओळीला तोच पॅटर्न पुन्हा नव्याने कंपाइल! पायथन भाषा असे पॅटर्न आपणहून कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायला साठवून, ठेवते. गो सांगितलं तेवढंच करतं. ती ओळ उचलून फंक्शनबाहेर ठेवली. चाळीस सेकंदांचं काम नऊवर आलं.

लायब्ररीच्या मूळ लेखकाला पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल मूळ कोडमध्ये मर्ज (सामील) करायची विनंती, पाठवली. बिचारा फावल्या वेळात, फुकट हे सगळं सांभाळतो. त्याच्यामागे तगादा कुठल्या तोंडाने लावू? मग फोर्क केला, म्हणजे लायब्ररीची स्वतःची प्रत काढली, गो डॉट मॉडमध्ये (लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत) ‘मूळऐवजी माझी प्रत घे’ असं सांगणारी रिप्लेसची ओळ टाकली आणि वर कमेंट लिहिली: ‘तात्पुरतं. मर्ज झालं की काढणे.’

गेल्या रविवारी रिलीज काढलं आणि आज सकाळी इश्यू (तक्रार) येऊन पडला: गो इन्स्टॉल, म्हणजे टूल थेट बसवायची आज्ञा, चालत नाही. व्हर्जन सांगून इन्स्टॉल करायला गेलं आणि गो डॉट मॉडमध्ये रिप्लेस दिसलं, की गो सरळ नकार देतं. मी कायम कोड क्लोन करून, म्हणजे पूर्ण उतरवून, तिथेच बिल्ड करणारा, मला हे कधी दिसणार?

खरी चपराक पुढे होती. रिप्लेस फक्त मुख्य मॉड्यूलपुरतं, म्हणजे जो प्रकल्प बिल्ड होतोय त्याच्यापुरतं, चालतं. माझं पॅकेज कोणी आपल्या प्रोग्रॅममध्ये आणलं, तर ती ओळ मुकाट्याने दुर्लक्षित होते. आणि टूल रेंगाळतं अशी तक्रार करणारा तो पहिला माणूस नेमकं तेच करत होता. ‘मला काही फरक दिसत नाही’ असं त्याने मार्चमध्ये कळवलंही होतं. मी त्याला डिस्क तपासायला सांगितलं.

संध्याकाळी रिप्लेस काढून ते साठेक ओळींचं फंक्शनच माझ्या टूलच्या इंटर्नल फोल्डरमध्ये उतरवून घेतलं, एमआयटी परवान्याच्या मजकुरासकट (तो सोबत ठेवला की हा परवाना नक्कल करू देतो). हे आधीच करायला हवं होतं, पण दुसऱ्याच्या कोडला घरच्या घरी कात्री लावायची मला धास्ती वाटते. 2006 मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीत, मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅल्ग्राइंडच्या इशाऱ्यांची कटकट नको म्हणून ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या दोन ओळी कमेंट करून बंद केल्या गेल्या. गुप्त किल्ल्या बनवायला लागणाऱ्या यादृच्छिकतेच्या नावाने उरला जेमतेम प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक), म्हणजे जास्तीत जास्त 32,768 शक्यता. उघडकीला यायला मे 2008 उजाडला. माझं काम त्या मानाने क्षुल्लक, तरी एक टेस्ट लिहिलीच: मूळ लायब्ररी आणि माझी नक्कल, दोघींना त्याच पाचशे ओळी द्यायच्या आणि तारखा जुळतात का ते बघायचं. पहिल्याच फटक्यात तीन जुळल्या नाहीत. उतरवताना टाइमझोनचा एक कंस गाळला होता मी.

आता सगळ्या जुळतात. नवं रिलीज गेलं. त्या माणसाला लिहायचं राहिलंय, की तुमची डिस्क ठीक आहे.