दिवाळीनंतरचा वर्ग
(माजी विद्यार्थी, दहावी १९९६)

स्मरणिका समितीचा फोन आला, "शाळेतल्या सोनेरी दिवसांवर चार ओळी पाठवा." त्याआधी आठवडाभर आमच्या बॅचच्या ग्रुपवर हेच चाललं होतं. परत दहावीत बसायला मिळालं तर कोण कोण बसेल? सगळ्यांनी हात वर केले. मी नाही केला, तेव्हा म्हणाले, "कंडक्टर झाल्यापासून याला सुट्ट्या पैशांशिवाय काही गोड लागत नाही."

आपला बीडचा डोंगरपट्टा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचे ट्रक यायचे आणि गाव निम्मं व्हायचं. आईबाप दोघं मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, म्हणून सांगली-कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. आमच्या घराला कुलूप लागायचं आणि मी पलीकडच्या आळीत आजीकडं, म्हणजे आईच्या आईकडं. शाळेची वाट आमच्याच दारावरून. रोज जाताना तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं, एवढं काम आई सांगून जायची. कुलपावर कोळी जाळं विणायचा, ते मात्र मी कधी काढलं नाही. का, ते आता सांगता येणार नाही.

आठवीत होतो तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून माणसं झोपली होती, पहाटे चारच्या सुमारास भांडी वाजली. किल्लारीचं कळल्यावर कितीतरी दिवस सगळे अंगणात झोपत होते. मला वाटलं, यंदा तरी हे जाणार नाहीत. पण उचल, म्हणजे तोडणीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेऊन झाली होती. ट्रक आला, गेले.

दिवाळीनंतर वर्गशिक्षक हजेरी घ्यायचे. पहिले काही दिवस पूर्ण नाव वाचायचे, थांबायचे, पुढचं वाचायचे. मग गेलेल्यांची नावं वगळून वाचू लागायचे. माझ्या नावाआधीची सलग चार नावं अशी गळायची, आणि माझं नाव एकदम अंगावर यायचं.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. प्रमेयाची आकृती ती फळ्यावर कंपासशिवाय काढायची, आणि वर्तुळ वर्तुळासारखंच यायचं. नववीच्या दिवाळीनंतर तिला सोबत नेलं, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, भाकरी थापायला आणि तान्हं सांभाळायला. मुलगे आजीकडं राहायचे, मुली जायच्या. ती वर्गात परत आली नाही. ग्रुपवरही नाही. सोनेरी दिवसांचा प्रश्न तिला कुणी विचारलेला नाही.

दहावीच्या हिवाळ्यात शाळेत रात्रीची अभ्यासिका होती. ती मला मनापासून आवडायची, हे कबूल करतो. गोधडी घेऊन जायचं, ट्यूबलाइटखाली बारा जण. अभ्यास थोडा, शेंगा जास्त. दार उघडं आणि आत माणसं, मला तेवढं पुरायचं. स्नेहसंमेलनाला "पालकांसह या" असं फळ्यावर लिहिलेलं असायचं. मी आजीला नेलं. पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली आणि ती नाटकभर घोरली. अध्यक्षांच्या भाषणाला मात्र टक्क जागी! म्हणाली, "लई चांगलं बोलला, कोणाचा हाय रं?"

तरी आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ कोणता म्हणाल, तर तो शाळेतला नाही. २०११ चा हिवाळा. मी एकतिशीत होतो, एसटीत लागून तीन वर्षं झालेली. त्या साली मागची उचल फिटली आणि नवी घेतली नाही. ट्रक आला आणि आमच्या दारावरून पुढं गेला. बापाला करमेना. पारावर जाऊन यायचा, ओसरीवर बसायचा, परत पारावर. कुलूप खुंटीला होतं, त्याला उगाच तेल घालायचा.

मी मुक्कामी गाडी घेऊन आलो होतो. सकाळी उठल्याबरोबर सवयीनं तांब्या भरला आणि तुळशीपाशी गेलो. माती आधीच ओली होती. आई चुलीपुढं बसली होती.